भवानीची नोट

सोमवार, १५ एप्रिल १९९६, बेरिक

दुकानाचा रंग अजून वाळलेला नाही. रंगारी रोज येतो, चहा पितो, ढगांकडे बघतो, मान हलवतो आणि जातो. त्या चहाचे पैसे त्याच्या बिलातून कापून घेईन असं आज बजावलं, तर म्हणाला, "बाई, मग चहा जरा कडक करा." निर्लज्ज मेला.

मी घाबरलेय, हे इथे लिहायला हरकत नाही. नवऱ्याला, केनेथला, सांगितलं नाही. पंचवीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये दुसऱ्यांच्या बशा भरल्या. कँटीन बंद झालं तेव्हा हातावर जे टेकवलं ते सगळं या दुकानात घातलंय. केनेथची रेल्वेची पेन्शन आहे, तेव्हा उपाशी मरणार नाही. पण दुकान बुडालं तर या गावात मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

पाव आणि सॉसेज रोल मला झोपेतही जमतात. काळजी आहे ती हिनींची, आमच्याकडच्या तव्यावर भाजायच्या मनुका घातलेल्या गोड भाकऱ्यांची. लोणी चरचरलं पाहिजे, मनुका फुगल्या पाहिजेत, आणि दोन्ही बाजूंनी डाग पडले पाहिजेत पण करपता कामा नये. आईचा बिडाचा तवा असता तर प्रश्नच नव्हता. तो नेटा लग्नात घेऊन गेली. मोठी बहीण ना ती! तेव्हापासून तो सरहद्दीपलीकडे स्कॉटलंडात, आयमथला तिच्या स्वैपाकघरात बसलाय. बसने अर्ध्या तासावर आहे, पण मागितला की "मी मेल्यावर ने" म्हणते.

संध्याकाळी तिचाच फोन आला. तिच्या नवऱ्याची, विलीची, मासेमारीची बोट तोडली. समुद्रात मासे उरले नाहीत, म्हणून सरकार पैसे देऊन बोटी मोडायला लावतंय. विली सबंध दुपार धक्क्यावर उभा राहून बघत होता म्हणे. मी म्हटलं, पैसे तरी बरे मिळाले ना?  ती म्हणाली, "मेव्हिस, तुझ्याशी एक बोलायचं होतं." तेवढ्यात रंगारी शिडीवरून ओरडला, "बाई, दार हिरवं की पांढरं?" मी नेटाला म्हटलं, नंतर करते गं फोन. राहूनच गेलं.

दार हिरवं केलंय.

शुक्रवार, २६ एप्रिल

शेजारचा रिडली आज शहाणपण शिकवून गेला. त्याचं पेपरचं आणि सिगारेटचं दुकान आहे. बेरिकमध्ये तीस वर्षं गल्ल्यावर बसलाय, म्हणून आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटतं. खोट्या स्कॉटिश नोटांचा सुळसुळाट झालाय म्हणे. त्याला स्वतःला दोनदा फटका बसला. त्याने दारावर पाटी लावलीय, 'स्कॉटलंडच्या नोटा घेतल्या जाणार नाहीत', आणि माझ्यासाठीही एक रंगवून आणली होती.

केनेथ म्हणाला, "अगं, अर्धं गाव पलीकडून इथे बाजाराला येतं. तू त्यांच्या नोटा नाही घेतल्यास तर सॉसेज रोल कुणाला विकणार, सीगलना?"

"आणि खोटी निघाली तर तू भरणार आहेस का?"

"बँक घेते ना त्या नोटा. मग तू कोण लागून गेलीस न घेणारी?"

मी तशीच उठून बँकेत गेले. काउंटरवरच्या मिस फेनविकला सरळ विचारलं, कायदा काय म्हणतो? घ्याव्याच लागतात का? ती म्हणाली, घ्यायलाच हव्यात असा कायदा नाही, घेऊ नयेत असाही नाही. दुकान तुमचं, मर्जी तुमची. खऱ्या असतील तर आम्ही केव्हाही बदलून देतो. म्हटलं, आणि खऱ्या आहेत हे मी कसं ओळखायचं? तिकडे तीन बँका आपापल्या नोटा छापतात, प्रत्येक नोटेवर वेगळा म्हातारा. इंग्लंडच्या नोटेवर राणी असते, बघितलं की कळतं. मिस फेनविक नुसती हसली.

पाटी लावून टाकली. एकदा नियम केला म्हणजे केला. कँटीनमध्येही उधारी बंद म्हटलं की मॅनेजरलासुद्धा बंद होती, म्हणून तर सगळे मला मानायचे.

मंगळवार, ७ मे

उद्या उघडतोय. बाजाराचा बुधवार मुद्दाम धरला.  पीठ भिजवून ठेवलंय, काचा पुसल्यात, पुसलेल्या पुन्हा पुसल्यात.

नेटाचा फोन आला. म्हणाली, "भवानी माझ्या हातची. माझ्या आधी कुणाला काही विकलंस तर याद राख." आमच्या घरात भवानी नेहमी नेटाच करायची. बाबांनी माशांची हातगाडी सुरू केली तेव्हा आईने तिच्याच हातात नाणं देऊन पहिलं गिऱ्हाईक म्हणून पाठवलं होतं, कारण तिचा हात चांगला. माझा हात वाईट आहे असं कुणी म्हणालं नाही, पण मला कधी पाठवलंही नाही.

मी म्हटलं, आठला उघडतेय. ती म्हणाली, "बस आठला पोचते. वर चढून यायला दहा मिनिटं थांब माझ्यासाठी." थांबते म्हटलं.

मग विचारते कशी, "तुला तो निळा चहाचा सेट हवाय का?" काय खूळ भरलंय कोण जाणे. दुकान उघडायच्या आदल्या दिवशी मला काचसामान कशाला? घर आवरायला काढलंय वाटतं तिने. विली घरी बसल्यापासून त्याला काहीतरी काम लावत असणार. शिवाय न्यूझीलंडला तिच्या मुलाच्या, डंकनच्या घरी मुलगी झाल्यापासून फोनवर दुसरा विषयच नाही. आज पोर बसायला लागली, आज दात आला. मला इकडे यीस्ट फुगेल की नाही याची काळजी.

बुधवार, ८ मे

दुकान उघडलं. चाललंही. पण मन थाऱ्यावर नाही, म्हणून सगळं नीट लिहिते, म्हणजे चूक कुणाची ते मलाच वाचून कळेल.

आठला बाहेर रांग होती. रांग! मी दार उघडून सगळ्यांना आत घेतलं आणि म्हटलं, पहिलं गिऱ्हाईक यायचंय, जरा दम धरा. लोक हसले. वासावर उभे होते बिचारे. रिडली आपलं दुकान सोडून माझ्या दारात हाताची घडी घालून उभा होता.

नेटा आली. धापा टाकत होती. हातात एक मोठी पिशवी, इतकी जड की काउंटरवर ठेवली तेव्हा बरण्या हलल्या. तिचं हे नेहमीचंच, कुठेही गेली की अर्धं घर बरोबर. चांगला कोट घातला होता, चर्चचा. म्हणाली, "एक हिनी दे गं." आणि पर्स उघडून एक पौंडाची नोट पुढे केली. स्कॉटलंडची. इकडे एक पौंडाच्या नोटा बंद होऊन किती वर्षं झाली, तिकडे अजून चालतात. कोरी करकरीत होती, घडीसुद्धा पडलेली नव्हती. मुद्दाम मागून आणली असणार.

मी हात पुढे केलाच होता. तेवढ्यात मागून एक ट्रकवाला म्हणाला, "हिची चालते का? मग माझीही चालेल. माझ्याकडे पाचची आहे, तिकडचीच." रिडली दारातून मोठ्याने म्हणाला, "पाटी काय शोभेला लावलीय, मेव्हिस?"

सगळे बघत होते. पहिला दिवस, पहिलं गिऱ्हाईक, आणि माझाच नियम मी मोडायचा? उद्या कोण विचारणार मला? मी हळूच म्हटलं, "नेटा, इंग्लंडचं काही नाही का तुझ्याकडे?"

ती म्हणाली, "मी आयमथहून आलेय, बाई, लंडनहून नाही."

लोक हसले. मी पण हसले. तिला वाटलं मी गंमत करतेय, नोट तशीच धरून उभी. मी म्हटलं, "खरंच नाही घेत गं. नियम आहे. हे घे, मी देते नाणं, ते मला दे." आणि गल्ल्यातलं एक नाणं तिच्यासमोर ठेवलं.

तिचा चेहरा उतरला. "तुझ्याच पैशांनी तुझी भवानी करू? त्याला काय अर्थ आहे?" एवढं म्हणून तिने नोट पर्समध्ये ठेवली, पिशवी उचलली आणि गेली. उचलताना दोन्ही हात लावावे लागले तिला.

पुढे उंची कोटातला एक परका माणूस होता. त्याने एक सॉसेज रोल घेतला आणि वीसची नोट दिली, इंग्लंडची, राणीची. फार गोड बोलला, उरलेले पैसे न मोजता खिशात टाकले. तीच भवानी. रिवाजाप्रमाणे ती नोट गल्ल्याच्या वर खिळा ठोकून टांगली.

पुढे बराच वेळ गेल्यावर काचेतून बघते तर नेटा समोरच्या फुटपाथवर उभी, बँकेच्या भिंतीला टेकून. पिशवी पायाशी, एका हाताची मूठ वळलेली. माझ्याकडेच बघत होती. म्हटलं, बघ, अजून धुसफुसतेय! मुठी काय आवळतेस? वाटलं हात करावा, पण दुकान गच्च भरलं होतं. पुन्हा पाहिलं तर नव्हती.

चूक तिची. सरहद्द ओलांडून येताना माणूस इकडचे पैसे घेऊन येतं. आणि एवढ्याशावरून रुसायचं? चौसष्ट वर्षांची बाई!

शनिवार, ११ मे

पाव दहाच्या आत संपले. हिनी उरल्या. नेटाचा फोन नाही.

सोमवार, २० मे

हिनी आजही करपल्या. हा नवा तवा मधे तापतो आणि कडेला गार राहतो. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "तुझ्या आईच्या हातची सर नाही, पोरी." मला काय माहीत नाही? तवा कुठे आहे ते जाऊन विचार म्हणावं.

केनेथ रोज जेवताना एकच टुमणं लावतो. "फोन कर तिला."

"तिने करावा. मोठी ती आहे."

"दुकान तुझं आहे."

"म्हणून काय झालं?"

"म्हणून तू बोलवायचं." आणि बटाट्यात डोकं घालून बसला. हा माणूस वर्षाला दहा वाक्यं बोलतो आणि दहाही माझ्याविरुद्ध.

फोनपाशी गेले होते. नंबर फिरवायला घेतला आणि ठेवून दिला. काय म्हणू? माझी पाटी बरोबर होती असं म्हटलं तर भांडण, चूक होती म्हटलं तर मग ती पाटी अजून दारावर का आहे?

बुधवार, ५ जून

आज हसावं की रडावं कळत नाही.

मिस फेनविक पाव घ्यायला आली होती. पैसे देता देता वर बघितलं आणि म्हणाली, "ती नोट जरा काढून दाखवता का?" मी अभिमानाने काढून दिली. पहिल्या गिऱ्हाइकाची म्हटलं. तिने उजेडाकडे धरली, अंगठ्याने चोळली, मग फार जपून म्हणाली, "मिसेस रॉबसन, ही खोटी आहे."

खोटी! इंग्लंडची! राणीसकट! चार आठवडे माझ्या डोक्यावर टांगलेली. तो उंची कोटवाला एका सॉसेज रोलवर एकोणीस पौंड घेऊन चालता झाला, आणि मी त्याला "पुन्हा या" म्हटलं.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आता इंग्लंडच्या नोटांचीही पाटी लाव गं मेव्हिस!" सगळे खिदळले. रिडली आपल्या दुकानात गेला.

मिस फेनविक जाता जाता म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या बहिणीला मीच नाणं दिलं. बँक उघडायच्या आधीपासून दारात उभ्या होत्या. हिनी मिळाली ना मग त्यांना?"

मी हो म्हटलं. का हो म्हटलं कुणास ठाऊक.

म्हणजे मुठीत ते नाणं होतं. रुसून उभी नव्हती. नोट बदलून आणली होती तिने, आणि माझ्या दारातून लोक खात खात बाहेर पडताना बघितलं असेल. भवानी झालेली बघितली. म्हणून आली नाही आत. आणि मी हातसुद्धा केला नाही.

दुकान बंद करून लगेच फोन केला. नुसता एक सलग आवाज येतो. विली बिल भरायला विसरला असणार. रविवारी स्वतःच जाते.

रविवार, ९ जून

केनेथला ताप. गेले नाही. पुढच्या रविवारी.

रविवार, १६ जून

आयमथच्या बसमध्ये मांडीवर हिनींचा डबा घेऊन बसले होते. नव्या तव्यावरच्या, पण त्यातल्या त्यात बऱ्या निवडलेल्या. वाटभर मनात घोकत होते, आत शिरल्या शिरल्या म्हणायचं, "नेटा, तुझी नोट खरी होती आणि माझी खोटी," म्हणजे ती हसेल, आणि हसली की मग सगळं सोपं होतं.

खिडक्यांना पडदे नव्हते. आत टेबल नाही, खुर्ची नाही. भिंतीवर घड्याळाचा डाग तेवढा राहिलाय.

शेजारच्या मिसेस विंड्रम बाहेर आल्या. म्हणाल्या, "तू आज कशी? गुरुवारी गेली की ती. न्यूझीलंडला. डंकनकडे, कायमची." मग माझा चेहरा बघून बाईचा आवाजच बदलला. "तुला माहीत नव्हतं? मला म्हणाली मेव्हिसला सांगायला निघालेय. त्या तुझ्या दुकानाच्या दिवशी. फोनवर नाही सांगणार म्हणाली, समोर बसून सांगणार."

मी पायरीवर बसले. त्यांनी चहा आणला. मी विचारलं, नंतर का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "रोज म्हणायची, उद्या करते फोन. विली मागे लागायचा. तर म्हणायची, दुकान तिचं आहे, तिने बोलवावं, मी आगाऊपणा केला त्या दिवशी. शेवटी शेवटी तर म्हणाली, बरंच झालं, रडारड टळली. आणि रडत बसली."

मग आत जाऊन त्यांनी ती पिशवी आणली. दोन्ही हातांनी. मी न उघडताच ओळखलं. ओळखायला त्या दिवशीच हवं होतं, बरण्या हलल्या तेव्हा. चाळीस वर्षं जो तवा मागत होते तो तिने बसमधून आणला, माझ्या काउंटरवर ठेवला आणि परत उचलून नेला.

"आली तर दे म्हणाली. नाही आली तर तुम्हीच वापरा म्हणाली. मी वापरला नाही हं, पोरी. मला वाटलंच तू येशील."

"आणि नाणं?" मी विचारलं.

"कसलं नाणं?" त्यांना ठाऊक नव्हतं. बसमध्ये खर्च झालं असेल, नाहीतर पर्समध्येच दुसऱ्या नाण्यांत मिसळलं असेल.

हिनींचा डबा मिसेस विंड्रमना दिला. तवा मांडीवर घेऊन परत आले. केनेथने दार उघडलं, पिशवी बघितली आणि चहाचं आधण ठेवायला गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

सोमवार, १७ जून

पाटी काढली. चार स्क्रू होते, एक गंजला होता, तो निघता निघेना. रिडली त्याच्या दारातून बघत होता. मग आत जाऊन पकड घेऊन आला आणि तो स्क्रू काढून दिला. त्याची स्वतःची पाटी तशीच आहे.

दिवसभरात स्कॉटलंडच्या पुष्कळ नोटा आल्या. घेतल्या. बँकेने घेतल्या. काहीही झालं नाही. इतकं काहीही झालं नाही की मला ओरडावंसं वाटलं.

रविवार, ४ ऑगस्ट

आज सकाळी दुकानात फोन वाजला. रविवारी मी ओट्याची सफाई करते, कँटीनमध्येही करायचे, ते नेटाला माहीत आहे. इकडे सकाळ, तिकडे रात्र. आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि आपण बोललेलं पोचायला क्षणभर वेळ लागतो, त्यामुळे दोघी एकदम बोलत होतो आणि दोघी एकदम थांबत होतो.

"तवा मिळाला?"

"मिळाला."

"जमतंय?"

"पहिले दोन दिवस करपल्या. मग जमलं. आता दुपारपर्यंत टिकत नाहीत."

"मंद आच ठेव. तू नेहमी घाई करतेस."

विली बरा आहे. डंकनबरोबर बागेत काम करतो, समुद्र दिसत नाही म्हणून कुरकुरतो. पोर चालायला लागली. मी सगळं ऐकलं. आज ऐकायचा मुळीच कंटाळा आला नाही. मला म्हणायचं होतं, नेटा, चुकले गं मी, माफ कर. आठवडेच्या आठवडे तयारी केली होती. तोंडातून काय आलं तर, "तिकडे आता थंडी का?"

"हो," ती म्हणाली. मग सहज विचारल्यासारखं, "शेवटी भवानी कुणी केली गं?"

मी वर बघितलं. खोटी नोट मिस फेनविक घेऊन गेली, तेव्हापासून खिळा मोकळाच आहे. केनेथ म्हणतो त्यावर कॅलेंडर लाव.

"झाली नाही अजून," मी म्हटलं.

"काहीतरीच! तीन महिने झाले दुकान उघडून."

"नाही झाली म्हटलं ना. तुझ्यासाठी थांबलेय. दहा मिनिटं थांब म्हणाली होतीस."

माझं बोलणं तिकडे पोचायला लागतो तेवढा वेळ गेला. मग त्याहून जास्त गेला. मग विलीचा आवाज ऐकू आला, लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून. "अगं, काय झालं? काय म्हणाली ती?"

कॅलेंडर दुसरीकडे लावलंय.